अडकलेला फॅन क्लच

डिझेल पिकअप ट्रकचं बॉनेट उघडून रेडिएटर आणि इंजिन यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारला, की पंख्याच्या मागे एक मोठा, चपटा नट दिसतो. माप साधारण ३६ ते ४८ मिलिमीटर. एवढ्या मापाचा पाना घरच्या पेटीत सहसा नसतो. पंखा आणि त्याच्या पोटातला फॅन क्लच हा सगळा भार त्या एका नटाने बहुतेकदा वॉटर पंपाच्या दांड्यावर धरून ठेवलेला असतो. वॉटर पंप बदलायचा असो, इंजिनाच्या तोंडावरचं आणखी काही काढायचं असो किंवा क्लचनेच मान टाकलेली असो, सगळ्या कामांची वाट या नटावरून जाते. आणि हाच नट हटून बसतो.

अमेरिकेत पिकअपवाल्यांच्या घरोघरी हा अनुभव आहे. फोर्डने १९८३च्या मॉडेलपासून आपल्या मोठ्या पिकअपमध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचं ६.९ लिटरचं व्ही-८ डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. पुढे ते ७.३ लिटरचं झालं. १९८६ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरचं नाव नॅविस्टार झालं आणि त्याच कंपनीने बनवलेलं ‘पॉवर स्ट्रोक’ हे ७.३ लिटरचं नवं इंजिन १९९४ ते २००३ या काळात फोर्डच्या गाड्यांत बसत राहिलं. दरम्यान १९८९ पासून डॉजच्या पिकअपमध्ये कमिन्सचं ५.९ लिटरचं इंजिन आलं होतं. ही इंजिनं दणकट. गाडीचा पत्रा गंजून गळायला लागतो, तरी इंजिन चालूच असतं. शेतकरी, बांधकामवाले, घोड्यांचे ट्रेलर ओढणारे लोक पंचवीस-तीस वर्षांच्या या गाड्या अजून वापरतात आणि मजुरी परवडत नाही म्हणून शनिवार-रविवारी घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच दुरुस्त करतात. या दुरुस्तीत भल्याभल्यांना घाम फोडणारं काम म्हणजे हा नट.

पहिल्या प्रयत्नात माणूस पाना लावून ओढतो. पुली फिरते, पंखा फिरतो, नट जागचा हलत नाही. मग पान्याला लोखंडी नळी जोडून लांबी वाढवली जाते. त्यातून एखादा बोल्ट वाकतो किंवा हात सटकून रेडिएटरच्या जाळीवर आपटतो. इतकी ताकद लावून नट का सुटत नाही, याचं उत्तर पंख्याच्या रचनेत आहे. ते एकदा कळलं, की ताकदीची गरजच बरीचशी संपते.

पंखा सतत कशाला फिरायला हवा?

डिझेल जाळून मिळालेल्या ऊर्जेपैकी साधारण पाव ते तिसरा हिस्सा उष्णतेच्या रूपात कूलंटमध्ये उतरतो. ती उष्णता रेडिएटरमधून हवेत सोडावी लागते. गाडी महामार्गावर वेगात असली, की समोरून येणारा वाराच हे काम करतो. पंख्याची खरी गरज लागते ती चढावर, वाहतुकीच्या कोंडीत किंवा मागे जड ट्रेलर असताना. कोलोरॅडोत आय-७० महामार्ग आयझेनहॉवर बोगद्यापाशी सुमारे ३,४०० मीटर उंचीवर पोचतो. तिथे ट्रेलर ओढत चढणाऱ्या ट्रकचा पंखा एकाएकी घोंघावायला लागतो. खंबाटकीचा किंवा कसाऱ्याचा घाट भरलेल्या गाडीने चढलेल्या आपल्या ड्रायव्हर मंडळींना हा आवाज सांगायला नको.

बाकीच्या वेळी पंखा पूर्ण वेगाने फिरवणं म्हणजे डिझेल वाया घालवणं. पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला, की शक्ती आठपट लागते. उलट बाजूने पाहिलं तर वेग निम्म्यावर आणला की आठवा हिस्सा पुरतो, आणि वेग ३० टक्क्यांवर आणला की तीन टक्क्यांहूनही कमी. मोठ्या मालट्रकचा पंखा पूर्ण जोरात असताना ३०-४० हॉर्सपॉवर सहज खातो. म्हणून गरज असेल तेव्हाच पंखा इंजिनाला जोडणारा आणि एरवी त्याला जवळजवळ मोकळा सोडणारा दुवा हवा. फॅन क्लच तो हाच.

तेलाच्या भरवशावर

पिकअपमध्ये सर्रास आढळणाऱ्या फॅन क्लचमध्ये फिरणारे दोन भाग असतात. आतली चकती वॉटर पंपाच्या दांड्याशी जोडलेली असते आणि इंजिनाबरोबर फिरते. बाहेरचं ॲल्युमिनियमचं घर पंख्याला धरून असतं. चकतीवर आणि घराच्या आतल्या तोंडावर एकात एक बसणाऱ्या गोल चऱ्या कोरलेल्या असतात. त्यांच्यातलं अंतर मिलिमीटरच्या अंशाइतकं असतं. एका धातूचा दुसऱ्याला स्पर्श होत नाही. त्या फटीत दाट सिलिकॉन तेल शिरलं, की दोन ताटल्यांमध्ये काकवी ओतून वरची फिरवल्यावर खालचीही ओढली जावी, तसं बाहेरचं घर चकतीच्या मागे ओढलं जातं. तेल निघून गेलं, की ओढ संपते.

तेल आत सोडायचं की नाही, हे क्लचच्या तोंडावरची दुहेरी धातूची गुंडाळी ठरवते. तिच्यात दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. तापल्यावर एक जास्त लांबते, दुसरी कमी, त्यामुळे गुंडाळी पिळवटते आणि आतली झडप फिरवते. रेडिएटरमधून येणारी हवा साधारण ७० ते ८५ अंश सेल्सियसच्या आसपास पोचली, की झडप उघडते आणि राखीव कप्प्यातलं तेल चऱ्यांमध्ये शिरतं. हवा थंड झाली, की झडप मिटते आणि फिरण्याच्या जोराने तेल छोट्या भोकांमधून परत कप्प्यात ढकललं जातं. सकाळी गाडी चालू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं पंखा मोठ्याने घोंघावतो, कारण रात्री इंजिन बंद असताना तेल खाली उतरून चऱ्यांमध्ये साचलेलं असतं. ते परत कप्प्यात गेलं की आवाज थांबतो. हा बिघाड नव्हे.

यासाठी सिलिकॉन तेलच का? साधं तेल तापलं की पातळ होतं, थंडीत घट्ट होतं. सिलिकॉन तेलाचा दाटपणा तापमानाबरोबर फार कमी बदलतो आणि ते उष्णतेत टिकतं. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या संयुगांचा पाया घातला, पण त्यांच्या व्यावहारिक उपयोगाबद्दल ते स्वतः १९३७ मध्येही फारसे आशावादी नव्हते. पुढच्या सहा वर्षांत चित्र पालटलं. १९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोशो यांना सिलिकॉनचा कच्चा माल थेट बनवण्याची पद्धत सापडली, आणि १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी सिलिकॉनसाठीच उभी राहिली. आज लाखो इंजिनांच्या तोंडावर हेच तेल पंख्याला ओढतं आहे.

क्लच बिघडला, की त्याची लक्षणं दिसतात. तेल गळत असेल, तर मध्यापासून कडेकडे पसरलेले काळपट ओघळ उठतात आणि त्यांवर धूळ चिकटते. इंजिन गरम असताना बंद केलं आणि पंख्याला हाताने टिचकी दिली, तर चांगला क्लच जड लागतो. पंखा भिंगरीसारखा फिरत राहिला, तर आत तेल उरलेलं नाही. पंख्याचं पातं धरून पुढे-मागे हलवल्यावर तो डुगडुगत असेल, तर बेअरिंग गेलं. आणि थंड इंजिनावरही पंखा कायम घोंघावत असेल, डिझेल जास्त लागत असेल, तर क्लच आतून जखडला आहे. असा क्लच बदलावाच लागतो, आणि मग गाठ पडते त्या नटाशी.

नट इतका घट्ट करतं कोण?

लोकांना वाटतं, मागच्या मेकॅनिकने नट फार आवळला. खरं म्हणजे तो आवळतं इंजिन.

वॉटर पंपाच्या दांड्याला बाहेरून आटे असतात, क्लचच्या नटाला आतून. इंजिन चालू होतं, पुली दांडा फिरवते, दांडा नटाला फिरवतो. पण पंखा हवेला ढकलत असतो, म्हणून हवा त्याला मागे खेचते. म्हणजे दांडा पुढे पळायला बघतो आणि नट मागे राहायला बघतो. या ओढाताणीत नट दांड्यावर एका ठरावीक दिशेला सरकण्याच्या प्रयत्नात असतो. आट्यांची दिशा चुकीची निवडली, तर महामार्गावर पंखा सुटून रेडिएटरमध्ये घुसेल. म्हणून ज्या दिशेच्या आट्यांमुळे ही ओढाताण नट आवळत राहील, तेच आटे कापलेले असतात. प्रत्येक वेळी ॲक्सिलरेटर दाबला, की नट केसभर का होईना, आणखी आवळला जातो. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत हे किती वेळा घडलं असेल, याचा विचार करा.

वरून गंज येतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात. मिठाचं पाणी चाकांनी उडून इंजिनाच्या तोंडावर बसतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. आट्यांमधल्या अरुंद फटीत तो साचला, की पाचर ठोकल्यासारखा नट आणि दांडा यांना एकमेकांवर दाबून धरतो.

त्यात घर्षणाची भर. कोणताही नट आवळताना लावलेल्या जोरापैकी साधारण निम्मा भाग नटाच्या तोंडाखालच्या घर्षणात जातो, सुमारे ४० टक्के आट्यांमधल्या घर्षणात, आणि जेमतेम दहावा हिस्सा खऱ्या आवळण्याला मिळतो. सोडवताना याच घर्षणाशी झुंजावं लागतं, शिवाय स्थिर असलेल्या पृष्ठभागांचं घर्षण सरकत्या पृष्ठभागांपेक्षा जास्त असतं. म्हणून नट एकदा केसभर हलला, की पुढचं काम सोपं होतं. सगळी लढाई त्या पहिल्या केसभर हालचालीची आहे.

दिशा आधी, जोर नंतर

काही इंजिनांवर हे आटे उलटे असतात, काहींवर सुलटे. चुकीच्या दिशेला तासभर जोर लावणारा माणूस नट आवळतच असतो. दिशा ओळखायचा मार्ग मात्र वरच्याच विचारातून मिळतो.

रेडिएटरच्या बाजूने इंजिनाकडे तोंड करून उभे राहा. समजा, पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. दांडा काट्यांच्या दिशेने पळतो आणि नट मागे राहतो, म्हणजे दांड्याच्या तुलनेत नट काट्यांच्या उलट दिशेने सरकतो. त्या दिशेला नट आवळला जायचा असेल, तर आटे उलटे हवेत. आणि उलट्या आट्यांचा नट सुटतो काट्यांच्या दिशेने. आता समजा, पंखा काट्यांच्या उलट फिरतो. याच हिशोबाने आटे सुलटे निघतात आणि नट काट्यांच्या उलट सुटतो. दोन्ही उदाहरणांतून निघणारा ठोकताळा एकच: पंखा ज्या दिशेला फिरतो, त्याच दिशेला नट फिरवला की तो सुटतो.

बंद इंजिनात पंख्याची दिशा पट्ट्यावरून ओळखता येते. या ट्रकांचा क्रँकशाफ्ट समोरून पाहिल्यावर काट्यांच्या दिशेने फिरतो. पट्ट्याची आतली बाजू क्रँकच्या पुलीवर बसते. तीच बाजू वॉटर पंपाच्या पुलीवर बसली असेल, तर पंपही त्याच दिशेने फिरेल. पण एकच लांब पट्टा सगळ्या पुल्यांवरून नागमोडी जात असेल आणि त्याची गुळगुळीत पाठ पंपाच्या पुलीवर टेकत असेल, तर पंप उलट फिरेल. व्ही-पट्ट्यांच्या जुन्या इंजिनांत म्हणूनच उलटे आटे आढळतात, आणि नागमोडी पट्ट्याच्या नव्या इंजिनांत पुष्कळदा सुलटे. तरी आपल्या गाडीचं मॅन्युअल पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नये. ठोकताळ्याने आपल्याला कारण कळतं, शेवटचा शब्द मॅन्युअलचा.

आणखी एक गोष्ट आधी बघायची. सगळेच फॅन क्लच एका मोठ्या नटावर नसतात. अनेक इंजिनांत क्लच पंपाच्या तोंडावर चार-सहा लहान बोल्टांनी बसवतात. तिथे हा सगळा पेच येत नाही, फक्त बोल्टांची डोकी न खराब करता ते काढायचे असतात.

आधी जागा करून घ्या

इंजिन पूर्ण थंड असावं. बॅटरीची जोडणी काढावी. फोर्डच्या या डिझेल पिकअपमध्ये दोन बॅटऱ्या असतात, दोन्हींची काढावी. नव्या इंजिनांपैकी काहींमध्ये, उदाहरणार्थ फोर्डच्या ६.० लिटर पॉवर स्ट्रोकमध्ये, क्लचची झडप संगणक चालवतो आणि क्लचला वायर असते. ती आधी सोडली नाही, तर नट सुटल्याबरोबर तुटते.

पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं, म्हणजे श्राउड, त्याचे बोल्ट काढून इंजिनाकडे मागे सरकवावं. काही गाड्यांत पंखा आणि श्राउड एकत्रच वर उचलून काढावे लागतात. रेडिएटरच्या जाळीवर जाड पुठ्ठा किंवा प्लायवूडचा तुकडा लावावा. नट सुटतो तेव्हा पंख्याचं वजन एकदम हातात येतं, आणि त्याचं एक पातं जाळीला लागलं तरी नवा रेडिएटर घ्यावा लागतो.

पट्टा मात्र काढायचा नाही. बरेच जण जागा व्हावी म्हणून आधी पट्टा उतरवतात आणि स्वतःचं काम वाढवतात. ताणलेला पट्टा पुलीला धरून ठेवतो. नट सैल होईपर्यंत त्याची ही फुकटची मदत सोडू नये. म्हणूनच गंज सोडवणारं तेल मारताना ते पट्ट्यावर उडू देऊ नये, नाहीतर पट्टा पुलीवर घसरेल. तेल नटाच्या मागच्या कडेला, आट्यांच्या तोंडाशी थेंबाथेंबाने सोडावं. ते अरुंद फटीत आपोआप ओढलं जातं, पण सावकाश. संध्याकाळी सोडून सकाळी कामाला लागलं, तर फरक पडतो.

या कामासाठी खास हत्यारांचा जोड मिळतो: नटाच्या मापाचा लांब, पातळ पाना आणि पुलीच्या बोल्टांच्या डोक्यांना अडकवून पुली धरून ठेवणारा दुसरा पाना. अमेरिकेत सुट्या भागांची मोठी दुकानं हा जोड अनामत घेऊन वापरायला देतात. तो नसताना पुलीच्या बोल्टांमध्ये पहार खुपसायचा मोह होतो. तसं करताना बोल्ट वाकतात, पुली चिरते आणि पंपाच्या बेअरिंगवर आडवा ताण येतो. क्लचसाठी पंप घालवण्यात काही अर्थ नाही.

झटक्याचं गणित

पाना नटावर नीट बसवा. खडूने नटावर आणि शेजारच्या पुलीवर मिळून एक सलग रेघ ओढा. पुढे सगळं लक्ष त्या रेघेवर ठेवायचं, कारण नट आणि पुली एकत्र फिरल्या तर डोळा फसतो, रेघ फसत नाही.

आता पाना हळूहळू ओढून पाहा. ताकद वाढत जाते, तसा नट ती पुलीकडे पोचवतो आणि पुली पट्ट्यात घसरून फिरते. सावकाश लावलेला जोर नेहमी सगळ्यात दुबळी जागा शोधतो, आणि इथे दुबळी जागा म्हणजे पुलीची पकड, गंजलेले आटे नव्हेत.

हातोडीचा फटका वेगळ्या तऱ्हेने काम करतो. पुली, दांडा आणि पंपाचं आतलं चाक यांना मिळून बऱ्यापैकी वजन असतं, आणि जड वस्तू क्षणात फिरायला लागत नाही. फटका सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जातो. तेवढ्यात पुलीला फिरायला वेळच मिळत नाही, आणि सगळा मार आट्यांवर बसतो. आकड्यांत सांगायचं तर ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याला माणसाने ३० किलोंचा जोर लावला, तर नटावर सुमारे ९० न्यूटन-मीटरचा पीळ येतो. एक किलोची हातोडी सेकंदाला ५ मीटर वेगाने येऊन त्याच पान्याच्या टोकावर सेकंदाच्या हजाराव्या भागात थांबली, तर सरासरी जोर ५,००० न्यूटन होतो आणि पीळ १,५०० न्यूटन-मीटर. प्रत्यक्षात पाना लवतो, थोडी ऊर्जा वाया जाते, आकडा खाली येतो. तरीही हाताच्या ओढीपेक्षा तो कितीतरी मोठा राहतो.

म्हणून पाना सुटण्याच्या दिशेला ताणून, नटाशी अजिबात ढिलाई न ठेवता धरायचा आणि त्याच्या टोकावर जड हातोडीने छोटे, कडक फटके मारायचे. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण पोलादावर पोलाद आपटताना कपच्या उडतात. पान्याला ढिलाई असली, तर अर्धा फटका ती ढिलाई संपवण्यात जातो आणि नटाच्या कडा घासल्या जातात. फटका दांड्याच्या लांबीच्या दिशेने कधीही बसू नये. त्याने पंपाचं बेअरिंग आणि सील दोन्ही दुखावतात. दहा-पंधरा फटक्यांनंतर रेघ बघा. काहीच झालं नसेल, तर एक-दोन फटके आवळण्याच्या दिशेला मारा आणि पुन्हा सुटण्याच्या दिशेला वळा. असं मागे-पुढे केल्याने आट्यांतला गंज फुटून भुगा होतो आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते.

व्यावसायिक गॅरेजमध्ये हेच काम हवेवर चालणाऱ्या एअर हॅमरने करतात. फॅन क्लचसाठी मिळणाऱ्या खास पान्यात हॅमरची छिन्नी बसवायची जागा असते. हॅमर सेकंदाला कितीतरी छोटे ठोके देतो. प्रत्येक ठोका हातोडीपेक्षा लहान, पण कंपनामुळे गंज झपाट्याने सुटतो आणि पुली धरायची गरजही सहसा लागत नाही. खडूची रेघ तुटलेली दिसली, नटावरचा तुकडा पुलीवरच्या तुकड्यापासून बोटभर सरकला, की हत्यार खाली ठेवा. इथून पुढे हातानेच नट फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने पंखा तोलून धरायचा.

तरीही हटला नाही तर

पुढचा उपाय उष्णता. पोलादाचा एक मीटर तुकडा दर अंशाला १२ मायक्रोमीटर लांबतो. नटाच्या भोकाचा व्यास ३० मिलिमीटर धरला आणि एकटा नट दांड्यापेक्षा १०० अंशांनी जास्त तापवला, तर भोक सुमारे ०.०३६ मिलिमीटरने मोठं होतं. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं, पण गंजाची पकड मोडायला पुष्कळदा एवढंच पुरतं. अट इतकीच, की नट तापावा आणि दांडा थंड राहावा, म्हणून उष्णता झटपट आणि फक्त नटाच्या बाहेरच्या कडेला द्यायची.

इथे फार जपून राहायला हवं. शेजारी रबरी नळ्या असतात, रेडिएटरच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात, आणि आधी मारलेलं तेल पेट घेऊ शकतं. क्लचच्या पोटातलं सिलिकॉन तेल हवेत साधारण १५० अंशांच्या वर तापलं, की त्यातून फॉर्माल्डिहाइडसारखा घातक वायू निघायला लागतो. म्हणून उघड्या ज्योतीपेक्षा विजेवर चालणारी गरम हवेची बंदूक बरी. जागा हवेशीर असावी, आग विझवायचं साधन हाताशी असावं, आणि जो क्लच पुन्हा वापरायचा आहे त्याला उष्णता देऊच नये.

एवढं करूनही नट हलला नाही, तर काय वाचवायचं आणि काय सोडायचं हे ठरवावं. क्लच बदलायचाच असेल, तर नटाच्या एका कडेवर ग्राइंडरने खाच पाडून छिन्नीने तो चिरता येतो, मात्र पंपाच्या दांड्याचे आटे शाबूत ठेवूनच. पंपही जुना झाला असेल, तर पंप आणि क्लच एकत्रच उतरवून टेबलावर घ्यावेत. तिथे जागाही असते आणि पंपाच्या नुकसानीची चिंताही नसते.

पुन्हा बसवताना

काढलेला क्लच परत वापरायचा असेल, तर तो आडवा टाकू नये. गाडीत बसवलेला असतो तसाच उभा ठेवावा. आडवा ठेवला की तेल बेअरिंगमध्ये उतरू शकतं. नवा क्लचही खोक्यातून काढून तसाच उभा ठेवायचा. पंख्याच्या पात्यांच्या मुळाशी चिरा आहेत का, ते उजेडात नीट बघावं. तडा गेलेलं पातं मिनिटाला हजारो फेऱ्यांवर तुटलं, तर बॉनेट फोडून बाहेर येतं. त्यामुळे काम झाल्यावर इंजिन चालू करताना पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणीही उभं राहू नये.

पंपाच्या दांड्याचे आटे तारेच्या ब्रशने स्वच्छ करून त्यांवर अँटी-सीझ पेस्टचा पातळ थर द्यावा. नटाचे पहिले तीन-चार वेढे हातानेच फिरवावेत. आटे तिरके बसले, तर इंजिन पुढे त्याच तिरक्या आट्यांवर नट आवळत राहील आणि दांडा कायमचा निकामी होईल. नट बसल्यावर मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाइतकाच आवळावा. या नटाला पान्याला नळी जोडून जादा आवळणं हा त्याच्यावर दाखवलेला अविश्वास आहे. पहिल्या चढावर इंजिन स्वतःच राहिलेली कसर भरून काढणार आहे.

सहा-आठ वर्षांनी पंप पुन्हा बदलायची वेळ येईल, तेव्हा हा नट सोडवणारा माणूस कदाचित दुसराच असेल. आज स्वच्छ केलेले आटे, बोटाने लावलेली पेस्ट आणि न केलेली जबरदस्ती या तीन गोष्टींवर त्याची सकाळ अर्ध्या तासाची होणार की दिवसभराची, हे ठरणार आहे. ज्याने नट सोडवताना यंत्राची बाजू समजून घेतली, त्याने तो बसवताना पुढच्या हातांचीही सोय पाहावी. चांगल्या कारागिराची ओळख यातूनच पटते.